दाराकडे एक बोट

मोतीराम राठोडांना चहा दिला की ते तो लगेच पीत नाहीत, आधी बघतात. कप टेबलावर ठेवायचा, दोन्ही हात मांडीवर घ्यायचे, मान खाली घालायची आणि चहाची कड कपाच्या काठापासून कुठे किती खाली आहे ते डोळे बारीक करून पाहायचं. आमच्या दिग्रसच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, वेलदोडा घालून चहा केला होता. त्यांनी तो निवू दिला आणि म्हणाले, "साहेब, टेबल तुमचा अर्धा बोट दक्षिणेले झुकून राह्यला."

आता मी आहे निवृत्त मोजणीवाला. चौतीस वर्षं लोकांच्या धुऱ्याबांधावर उभं राहून शेतं मोजली. नवीन यंत्रं येण्याआधी आमच्याकडे प्लेन टेबल असायचा. तिपाईवर बसवलेला लाकडी फळा तो. त्यावर पाणसळ ठेवायची, आतला बुडबुडा बरोब्बर मधोमध आणायचा आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. अशा माणसाला त्याच्याच घरात त्याचा टेबल तिरपा आहे असं सांगणं म्हणजे हलवायाला पेढा खारट झाला म्हणण्यासारखं आहे. मी म्हणालो, फरशीत फरक असेल. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "फरशीले कायले बदनाम करता? पाण्याले इचारा."

"पाण्याले इचारा" हे त्यांचं पालुपद. सगळं माप बोटात. आमचा ओटा त्यांच्या मते दीड बोट उतरलेला, देवघर पाऊण बोट, आणि सुमनची स्वयंपाकघरातली शेगडी दोन बोटं, म्हणून तुमचं दूध नेहमी एकाच बाजूने उतू जातं, वहिनी. हे मात्र खरं निघालं. तेव्हापासून सुमनने त्यांना गुरुस्थानी बसवलं आणि माझी चौतीस वर्षांची नोकरी एका भगोण्यात वाहून गेली.

लग्नाच्या पंगतीत मोतीरामभाऊ जेवायला बसले की ताट आधी गोल फिरवून पाहतात. वरण ज्या बाजूला धावतं त्या बाजूला भात. केस कापायला गेले की न्हाव्याला खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालायला लावतात. तो न्हावी आता त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणहूनच पुठ्ठा काढून ठेवतो.

या वेडाचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. तीस वर्षं ते यवतमाळ-पुणे लक्झरी बसवर ड्रायव्हर होते. वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाच्या उशाची पाण्याची बाटलीसुद्धा कुशीवर वळू नये, अशी गाडी चालवायची, हे त्यांचं ब्रीद. नोकरी संपली त्याच सुमारास ती बसही म्हातारी झाली. मालकाने मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा यांनी ती घेतली आणि सलीमभाईच्या गॅरेजात आणून उभी केली.

सलीमभाई आमच्या समोरचाच. बसगाड्यांची बॉडी बांधण्यात त्याचा हात धरणारा दिग्रसमध्ये दुसरा नाही. दोघांची मैत्री जुनी. त्या बसला साध्या गाडीसारखे लोखंडी पाटे नव्हते, चार कोपऱ्यांना रबराचे हवेचे फुगे होते. सलीमभाई त्यांना बलून म्हणतो. त्याने चारही फुग्यांना वेगवेगळा कॉक, म्हणजे इकडे फिरवली की हवा भरणारी आणि तिकडे फिरवली की सोडणारी तोटी, बसवला आणि चारही कॉक बाहेरच्या बाजूच्या डिकीत आणून ठेवले. गाडी कशाही जमिनीवर उभी करा, ज्या कोपऱ्यात हवा भराल तो वर, जिथली सोडाल तो खाली. आतल्या सीटा काढून दोन खाटा, मधोमध पक्का बसवलेला टेबल, शेगडी, मागे मोरी. हे घर उभं करायला त्यांनी माझा घरालगतचा रिकामा प्लॉट मागितला. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर सुमन हो म्हणाली.

रोज सकाळी सहाला इंजिन चालू व्हायचं. त्याने गाडीच्या टाकीत हवा भरली की मोतीरामभाऊ टेबलावर परातभर पाणी ठेवायचे, बाहेर येऊन डिकी उघडायचे, एखादा कॉक जरासा फिरवायचे, फुस्स, पुन्हा आत जाऊन परात पाहायचे, पुन्हा बाहेर, फुस्स. रात्रभरात कुठून ना कुठून थोडी हवा उतरतेच, त्यामुळे हा सोहळा रोजचा. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की सलीमभाई येऊन त्या टेबलावर एक नाणं काठावर उभं करायचा. नाणं उभं राहिलं की दोघं चहा प्यायचे. गल्लीतली माणसं त्या फुस्सवर नळाची वेळ ओळखायला लागली होती.

पण हे सगळं कशासाठी? मोतीरामभाऊंची बायको जाऊन दहा वर्षं झाली, मुलगी उमरखेडला सुखात आहे. एकट्या माणसाला खोली पुरली असती. बस घेतली ती भियासाठी.

भिया म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत भाऊ. थोरले लिंबाजी. आई-बाप लवकर गेले, तेव्हा भियाने दरवर्षी ऊसतोडीला जाऊन या धाकट्याला वाढवलं, गाडी शिकायला पाठवलं. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने भियाचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून ते तांड्यातल्या घरी एकटेच राहत. त्या घरात ते डोळसासारखे वावरत. माठातून पाणी घेत, चूल पेटवत, अंगणात येऊन बिडी ओढत. पण दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी निम्मा तांडा गाव सोडतो. मागच्या वर्षी असाच तांडा रिकामा असताना भिया दोन दिवस तापाने फणफणून पडले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मोतीरामभाऊंना ते दोन दिवस विसरता येत नव्हते. ते भियाला दिग्रसला बोलवत, भिया येत नसत. शेवटी एकदा विषय तोडायला म्हणून भिया म्हणाले, "आपले बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ-दाणा लादून मुलूख फिरले. घर त्यांच्या संगं चालत होतं. मी कोणाच्या घरी चालत जाणार नाई. घर माह्या दाराशी आलं तं पाहू."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मोतीरामभाऊंनी बस घेतली.

दिवाळी झाल्यावर ती बस भियाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. भियाने चाकं चाचपली, पत्र्यावर बोटं वाजवली, किती पायऱ्या आहेत ते विचारलं आणि अट घातली, "होळीवरी राहतो. नाई जमलं तं होळीले आणून सोड, अन् मंग हा इषय पुन्हा काढू नको." बंजाऱ्यांची होळी म्हणजे मोठा सण. ऊसतोडीला गेलेलेसुद्धा शक्य तर तांड्यात परततात. तेवढी मुदत मिळाली आणि बस भियासकट माझ्या प्लॉटवर परतली.

मोतीरामभाऊंनी ती मुदत परीक्षेसारखी घेतली. आता लेव्हलच्या फेऱ्या वीसवरून तीसवर गेल्या. म्हाताऱ्याला जरासाही कल जाणवता कामा नये. टेबलावर नाणं ठेवलं तर ते जसं काही रोवल्यासारखं उभं राही.

आणि भियाला काही केल्या जमेना. उंच, ताठ, पांढऱ्या मिशीचा हा माणूस खाटेवरून उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. शेगडीला धडकायचा. दाराकडे जायला निघायचा आणि मागच्या मोरीशी पोचायचा. मोतीरामभाऊंनी खाटेपासून दारापर्यंत दोर बांधला. भियाने तो सोडून बाहेर भिरकावला. "मी बैल नोहो," एवढंच म्हणाले. मग दिवसचे दिवस ते खाटेवर बसून राहू लागले. मी भेटायला गेलो की आधी एकच विचारायचे, "मोजणीसाहेब, होळीले किती दिवस राह्यले?" मला उत्तर द्यायला जड जायचं, कारण मोतीरामभाऊ तिथेच भाजी चिरत असत.

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस मी दुपारी बाहेर आलो तर भिया बसच्या पायरीवर एकटेच बसलेले. तोंड उन्हाकडे, हातात बिडी. मी चाटच पडलो. मोतीरामभाऊंना विचारलं तर ते परात घासता घासता म्हणाले, शिकला भिया, आपलं आपण. त्या दिवसापासून भियाचा नूरच पालटला. सकाळी फुस्स झालं की थोड्या वेळात ते दारात हजर. कुणाचा हात नाही, दोर नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की गाडी मी दोन महिन्यांत पाठ केली. सुमनने तीळगूळ नेऊन दिला तर स्वतः आत जाऊन वाटी परत आणून दिली आणि ती घरी आल्यावर कितीतरी वेळ कौतुकाने तेच सांगत राहिली.

इथेच मी सुखात राहायला हवं होतं. पण खोड जात नाही. एक दिवस त्यांच्या बसमध्ये चहा पिताना सहज माझी नजर कपात गेली. चहाची कड दाराच्या बाजूला वर चढली होती. मी कप फिरवून पाहिला, जागा बदलून पाहिली. सगळीकडे तेच. पाण्याचा हा राजा स्वतः तिरप्या घरात राहत होता! खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. माझा टेबल, माझा ओटा, माझं देवघर सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तेव्हा चहा संपवून उठलो. असली गोष्ट चारचौघांत काढायची असते.

चारचौघं लवकरच मिळाले. पुसदचे दोघं भाऊ सलीमभाईकडून अशीच बस बांधून घ्यायचं म्हणत होते. सलीमभाई त्यांना नमुना दाखवायला घेऊन आला. भिया बाहेर पायरीवर बसले होते, बाकी आम्ही सगळे आत. सलीमभाईने ऐटीत खिशातून नाणं काढलं आणि टेबलावर काठावर उभं केलं. नाणं घरंगळत गेलं आणि टेबलावरून खाली पडून दाराच्या पायऱ्यांवर टणटणत उतरलं. त्याने दुसरं लावलं. तेही त्याच वाटेने गेलं. पुसदवाले हसले.

मी घरी पळत गेलो आणि माझी जुनी पितळी पाणसळ घेऊन आलो. टेबलावर ठेवली. बुडबुडा दाराच्या विरुद्ध टोकाला जाऊन चिकटला. मग मी परातीत पाणी मागितलं, बोट घालून पाहिलं आणि साऱ्या आयुष्याची मोजणी जाहीर करावी तसं मोठ्याने म्हणालो, "दाराकडे एक बोट!"

सलीमभाईचा चेहरा उतरला. त्याने मोतीरामभाऊंना विचारलं, "मोतीभाई, कॉक तो मेरे बराबर हैं. तुमने छेड़ा क्या?"

मोतीरामभाऊंनी एकदा दाराकडे पाहिलं. तिथे भियाची पाठ दिसत होती. "नाई," ते म्हणाले, "कॉक लीक असन."

पुसदवाले विचार करून सांगतो म्हणून गेले ते गेलेच. सलीमभाईही आपली नाणी तिथेच टाकून गेला. तीस वर्षांत त्याचा कॉक कुणी लीक म्हटला नव्हता, आणि म्हणणारा निघाला तो त्याचा मोतीभाई. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळच्या चहाला यायचा बंद झाला. फाटकाशी समोरासमोर आले तरी मान वळवायचा. मोतीरामभाऊ एकटेच चहा पीत. पहिल्या रात्री मी जिंकल्याच्या भरात एक भाकरी जास्त खाल्ली होती. सुमनने ती वाढली. चार दिवसांनी म्हणाली, "दोघायची मैतरी मोडली. आता मोजा."

तेव्हा मला लाज वाटली. बरं, गंमत अशी की कॉक खराब असावा असं मलाही वाटत नव्हतं. मग मी मनाशी ठरवलं की आपणच हा तिढा सोडवायचा. कॉक फिरवताना मी रोज पाहत होतो, त्यात काय अवघड होतं? गाडी मी सपाट करून ठेवायची, सलीमभाईला बोलावून नाणं उभं करून दाखवायचं. कॉक चांगला ठरतो, मैत्री जुळते, आणि मोजणीवाल्याच्या हाताने लेव्हल लागल्याचा मानही राहतो.

दुपारी मोतीरामभाऊ बाजारात गेलेले, भिया आत झोपलेले. मी दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ ठेवली, डिकी उघडली. टाकीत हवा होती. पुढचा डावा कॉक, म्हणजे दाराजवळचा, हळूच भरायच्या बाजूला फिरवला. तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत वर आला. मागचे दोन थोडे सोडले. बुडबुडा सरकत सरकत मधोमध आला आणि थांबला. इतकी स्वच्छ लेव्हल मी नोकरीत असतानाही फार क्वचित लावली असेल. सलीमभाईला हाक मारायला मी वळलो.

तेवढ्यात आत भिया उठले. खिडकीतून मला दिसत होते. खाटेवरून उतरले, दोन पावलं टाकली आणि थांबले. उजवा पाय पुढे करून त्यांनी जमिनीवर फिरवला, जसं काही पडलेलं शोधतात तसा. मग डावा. मग तोंड मोरीकडे करून चार पावलं गेले, तिथला पत्रा चाचपला, परत फिरले, टेबलाचा कोपरा लागला. मधोमध उभं राहून ते म्हणाले, "मोत्या, दार कुठं नेलं?"

आवाज मोठा नव्हता. मी डिकीशीच उभा राहिलो. आपण काहीतरी केलं आहे एवढं कळलं, काय ते कळेना. हाक मारावी तर काय सांगणार? त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा घाबरून.

मोतीरामभाऊ फाटकातून येत होते. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या पाणसळीकडे पाहिलं. डिकीशी आले आणि पुढचा डावा कॉक सोडायच्या बाजूला फिरवला. लांबलचक फुस्स झालं आणि कोपरा खाली बसला. आत भियाचा पाय जमिनीवर थांबला. त्यांनी मान वर केली, आणि रस्ता दिसावा तसे ते सरळ दाराशी आले, तीन पायऱ्या उतरले, पायरीवर बसले. बिडी काढली. "झोपेतून उठलो न," ते म्हणाले, "मंग जरासं चुकते कधी."

मोतीरामभाऊंनी मला नळाकडे नेलं. मला वाटलं, आता हा माणूस मला दोन शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात समजावत राहिले. संक्रांतीच्या आधी एकदा ते वाणसामान आणायला गेले होते. इकडे पुढच्या फुग्याची हवा उतरली. येऊन पाहतात तर भिया पहिल्यांदा आपणहून बाहेर येऊन बसलेले. आधी त्यांनाही उमगलं नाही. त्यांनी गाडी सपाट केली, भिया पुन्हा हरवले. मग आठवलं की तांड्यातलं घर भियाने स्वतः बांधलेलं, आणि सांडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून जमीन सारी दाराकडे उतरती थापलेली. डोळे गेल्यापासून भिया त्या उतारावर चालत होते. दार कुठे, चूल कुठे, ते तळपायाला कळायचं.

"अन् मी त्याच्या पायाखालचा उतारच काढून घेतला, साहेब," ते म्हणाले. "दोन महिने. म्हणलं, कसं सपाट घर देल्लं भियाले."

मी विचारलं, तुम्हाला झोप कशी लागते अशा तिरप्या घरात? ते हसले. खाटेवरून घसरू नये म्हणून एक पाय भिंतीला लावून झोपतात, मान आखडते, होते सवय. मी म्हणालो, सलीमला का नाही सांगितलं? तर म्हणाले, भिया तिथेच बसला होता.

"त्याले नोका सांगू. तो म्हणते, गाडी मी पाठ केली. म्हणू द्या."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांच्या हद्दी चुकवल्या असतील, नकळत. पण त्या दुपारइतकं मला कधी वाईट वाटलं नाही. पाणसळ उचलून घरी आलो आणि ती कपाटात ठेवली.

संध्याकाळी सलीमभाईच्या गॅरेजात गेलो. भियाला कळू देणार नाहीस असं वचन घेऊन सगळं सांगितलं. तो हातातला पाना पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मेरे कॉक को लीक बोला, पर भाई को नहीं बोला. पागल आदमी." दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला गेला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, दोघांचं खोकल्यासारखं हसणं मात्र ऐकू आलं.

पण सलीमभाईला एक काळजी होती. एकाच कोपऱ्याची हवा रोज अशी सोडली तर गाडीचं वजन रबरावर बसून बलून एक दिवस फाटणार. मग उपाय मला सुचला, आणि आयुष्यात एकदा तरी मोतीरामभाऊंच्या आधी सुचला. गाडी कशाला तिरपी करायची? जमीनच तिरपी करू. चारही फुगे सारखे भरलेले, आणि उतार जमिनीचा.

होळीला बस तांड्याकडे निघाली. भियाने नवं धोतर नेसलं होतं. मी भियाला विचारलं, परत येणार ना? ते म्हणाले, "पाहू. आता घर तं घरच असते." त्यात हो होतं की नाही ते मला कळलं नाही, आणि मोतीरामभाऊंच्या चेहऱ्यावरून त्यांनाही कळलं नसावं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही कामाला लागलो. सलीमभाईने ट्रॅक्टरने मुरूम आणवला. मी माळ्यावरून जुना प्लेन टेबल काढला. परातीतलं एक बोट म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत किती, याचा हिशोब मी तीनदा मांडला. वीतभराला थोडं कमी भरलं. डाव्या बाजूला आणखी जरासं खाली. मुरूम पसरला, पाणी मारलं, धुमसाने चोपला. चौतीस वर्षांत सरकारने माझ्याकडून इतकी अचूक मोजणी घेतली नाही. सुमन मधून मधून चहा आणायची आणि विचारायची, "अन् ते आलेच नाई तं?" आम्ही दोघं धुमस आणखी जोरात चालवायचो.

धुळवड झाली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी प्लॉट इतका रिकामा वाटायला लागला की मी तिकडची खिडकीच लावून घेतली. भियाच्या पायाला आपली जमीन लागली, आता तो कशाला येतो, असं मी धरूनच चाललो होतो.

पाचव्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला. मी चप्पल न घालताच बाहेर आलो. समोरून सलीमभाई धावत आला आणि गाडी मागे घ्यायला, उजवीकडे, बस, बस, असे हातवारे करू लागला. बस मुरमावर येऊन उभी राहिली. मोतीरामभाऊ उतरले, जमिनीकडे पाहिलं, वाकून मूठभर मुरूम हातात घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं इकडेतिकडे बघत होतो. मग सवयीने ते आत गेले, परातभर पाणी टेबलावर ठेवलं, पाहिलं. पुन्हा वाकून पाहिलं. परात तशीच हातात धरून बाहेर आले, डिकीपाशी उभे राहिले, पण डिकी उघडली नाही.

आत खाट करकरली. भियाची पावलं सरळ दाराकडे आली. ते उंबऱ्यावर थांबले, पाय जरासा फिरवून पाहिला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"मोत्या," ते म्हणाले, "रोज तू हवा सोडतं तवा मले दार सापडते. आज तं तू हवा नाई सोडली."

सलीमभाईने तोंड फिरवलं. मोतीरामभाऊंच्या हातातली परात कलंडली आणि सगळं पाणी त्यांच्या पायांवरून मुरमात वाहत गेलं. ते कुठल्या बाजूला वाहतं आहे, हेही त्यांनी पाहिलं नाही.